धीर कृतीनंतर येतो : नागपुरात रोज करता येईल असा आत्मविश्वासाचा सराव

आत्मविश्वास आला की मीटिंगमध्ये बोलेन, जरा धीर आला की बँकेत जाऊन विचारेन, इंग्रजी सुधारली की मुलाखतीला जाईन. अशी वाट बघण्यात माणसांची वर्षं निघून जातात. यात क्रम चुकलेला असतो. आधी अडखळत का होईना काम करावं लागतं, पुन्हा पुन्हा केल्यावर ते अंगवळणी पडतं, आणि धीर त्याच्या मागून येतो. हा क्रम रोजच्या व्यवहारात कसा बसवायचा ते इथे सांगतो. उदाहरणं नागपूरची घेतली आहेत, कारण हा सराव घरात बसून होत नाही. त्याला बाजार, काउंटर, रांग आणि माणसं लागतात.

टाळणं इतकं चिवट का असतं, हे आधी समजून घ्या. टाळलं की त्याच क्षणी हायसं वाटतं. सगळा घोळ त्या हायसं वाटण्यात आहे. मेंदू त्यातून एवढंच शिकतो की टाळलं म्हणून वाचलो. सोसायटीच्या बैठकीला एकदा दांडी मारली की दुसरी दांडी सोपी जाते, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत ती बैठक म्हणजे मोठं संकट वाटू लागतं. बैठक तीच असते, माणसंही तीच. आपण तिथे गेलोच नाही, म्हणून आपली भीती खरी की खोटी हे तपासलंच गेलं नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलं की 'मला हे जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो. एक, स्वतः करून पाहिलं आणि जमलं. दोन, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहिलं. तीन, कुणीतरी 'तू करशील' असं सांगून धीर दिला. चार, त्या वेळी आपल्या शरीराची अवस्था कशी होती. यातली पहिली वाट सगळ्यात पक्की आणि तिसरी बरीच कच्ची. नागपुरात व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासेसच्या पाट्या जागोजागी दिसतात. तिथे फक्त जोशपूर्ण भाषण ऐकायला मिळत असेल, तर ती तिसरीच वाट आहे, आणि रविवारचा तो जोश बुधवारपर्यंत टिकत नाही. क्लास लावायचाच असेल तर एकच प्रश्न विचारा: दर तासाला प्रत्येकाला उभं राहून किती मिनिटं बोलायला मिळतं? उत्तर पाच मिनिटांपेक्षा कमी असेल तर पैसे वाचवा.

दुसरी गोष्ट, 'माझ्यात आत्मविश्वासच नाही' हे वाक्य सोडून द्या. ते खरंही नसतं आणि त्याचा उपयोगही नसतो. इतवारीत लाखाचा सौदा फोनवर पक्का करणारा व्यापारी मुलाच्या शाळेत पालकसभेत गप्प बसतो. वर्गात साठ मुलांना सांभाळणाऱ्या बाई बँकेच्या काउंटरवर आवाज हरवून बसतात. आत्मविश्वास कामागणिक वेगळा असतो. म्हणून वहीत एकच वाक्य लिहा, त्यात तीन गोष्टी हव्यात: कोणासमोर, कुठे आणि काय करताना. 'साहेबांसमोर, सोमवारच्या मीटिंगमध्ये, माझं काम मागे पडलंय हे सांगताना.' एवढं नेमकं लिहिता आलं की निम्मी धास्ती तिथेच आवरते, कारण उरलेल्या बऱ्याच ठिकाणी आपलं बरं चाललंय हे दिसतं.

शिडी बांधणं

आता त्या एका अडचणीची शिडी बांधायची. भीतीला ० ते १०० आकडा द्या. ० म्हणजे घरी निवांत बसलेलो, १०० म्हणजे आजवरची सगळ्यात मोठी घाबरगुंडी. वोल्पे नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी ही मोजपट्टी उपचारांत रूढ केली, आणि ती आजही वापरली जाते कारण ती साधी आहे. आकडा अचूक हवा असं नाही, प्रामाणिक हवा.

समजा अडचण आहे अनोळखी माणसाकडे काही मागण्याची किंवा त्याला नाही म्हणण्याची. सीताबर्डी इंटरचेंजला मेट्रोच्या दोन्ही मार्गिका मिळतात, तिथे कुणालाही विचारायचं, "लोकमान्य नगरची गाडी कोणत्या फलाटावर येते?" हे झालं २०. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर गर्दीत मोठ्याने सांगायचं, "भाऊ, तर्री कमी टाका": २५. गोकुळपेठच्या बाजारात सलग तीन भाजीवाल्यांना सांबाराच्या (म्हणजे कोथिंबिरीच्या) जुडीचा भाव विचारायचा आणि न घेता पुढे जायचं: ३५. किराणा दुकानात मागे माणसं उभी असताना परत मिळालेले पैसे तिथेच मोजून घ्यायचे: ४०. कापडाच्या दुकानात पाच-सहा ड्रेस मटेरियल उलगडून पाहायचे आणि "नाही आवडलं, येते मी" म्हणून निघायचं: ६०. बिल घेऊन वस्तू बदलायला जायचं: ६५. बँकेत खात्यातून कापलेलं शुल्क कशाचं, हे उत्तर नीट समजेपर्यंत विचारायचं: ७०. अपार्टमेंटच्या बैठकीत उभं राहून खर्चाबद्दल प्रश्न विचारायचा: ८०.

सुरुवात ३० ते ४० च्या पायरीपासून करा. २० च्या खाली काही शिकायला मिळत नाही. पहिल्याच दिवशी ८० वर उडी मारली तर बहुतेक वेळा माणूस मध्येच पळ काढतो, आणि पळाल्यावर वाटणारं ते हायसं पुन्हा टाळण्यालाच बळ देतं. एक पायरी किमान तीनदा करा, तीन वेगळ्या ठिकाणी. एकाच ओळखीच्या दुकानदाराकडे दहा वेळा गेलात तर तो दुकानदार सोपा होतो, दुकान नाही. जाण्यापूर्वीचा आकडा निम्म्यावर आला की पुढची पायरी घ्या. शून्य व्हायची वाट बघू नका, तो बहुतेकदा होतच नाही. आठवड्यातून चार दिवस, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. रोजच्या कामांतच ते बसवा, वेगळा वेळ काढायला गेलात की पहिल्या आठवड्यानंतर तो मिळत नाही.

दोन पायऱ्यांत फार अंतर असेल तर मधली पायरी तयार करायची. त्यासाठी माणूस, जागा, गर्दी किंवा वेळ यांपैकी एकच गोष्ट बदला. वस्तू बदलून आणणं जमलं, पण बैठकीत उभं राहणं जमत नाही? मग बैठकीआधी सचिवांना जिन्यात गाठून तोच प्रश्न एकट्याने विचारा. पुढच्या बैठकीत दुसऱ्या कुणाच्या मुद्द्याला बसल्या जागेवरून "मलाही हेच वाटतं" इतकंच म्हणा. त्याच्या पुढच्या बैठकीत उभे राहा.

स्टेजची भीती असणाऱ्यांसाठी एक फार चांगली पायरी आपल्याकडे दरवर्षी आयती मिळते: गणेशोत्सवातला मंडळाचा माइक. "आजची आरती साडेसात वाजता होईल, सर्वांनी वेळेवर यावं" हे एकच वाक्य, पण चालू माइकवर, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. दहा दिवसांत वीस आरत्या होतात. पहिल्या दिवशी कागदावरून वाचा, चौथ्या दिवशी कागद खिशात ठेवा, सातव्या दिवशी प्रसाद कोणाकडून आहे ते वाक्य स्वतःहून जोडा. सुरेश भट सभागृहाच्या मंचावर कधी उभं राहायचं असेल तर त्याची पहिली पायरी गल्लीतल्या या मांडवात आहे. वर्षातले उरलेले महिने व्याख्यानांना जा. १९२३ साली स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ याच शहरात आहे. जिथे व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं असतील तिथे आधी लिहून नेलेला एक प्रश्न विचारायचाच, असं ठरवून बसा. पहिला किंवा दुसरा प्रश्न तुमचा असू द्या. जितकं थांबाल तितकी छाती धडधडते.

वहीतलं पान

शिडी चढताना वही नसेल तर निम्मा फायदा हातातून जातो. कारण भीती खोटी ठरली तरी माणूस ते विसरतो आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून घाबरतो. पान असं दिसेल:

शनिवार, संध्याकाळी ७. बर्डी मेन रोड, कापडाचं दुकान.
करायचं: पाच मटेरियल पाहायचे, घ्यायचं काहीच नाही, तोंडाने सांगून निघायचं.
भाकीत: दुकानदार चारचौघांत टोमणा मारेल. खात्री ८० टक्के.
घडलं: सेल्समन घड्या घालता घालता म्हणाला, "मंगळवारी नवीन माल येते, मग या." शेजारच्या गिऱ्हाइकाने मान वर केली नाही.
भीती: जाताना ६५, निघताना ४०.
आता तेच भाकीत करायचं तर खात्री: ५० टक्के.

सगळ्यात महत्त्वाची ओळ भाकिताची. ती जाण्यापूर्वीच लिहायची, आणि दुसऱ्या माणसाला डोळ्यांनी पाहून खरं-खोटं ठरवता येईल अशी लिहायची. 'मला कसंतरी होईल' हे भाकीत नाही. 'माझा आवाज इतका कापेल की तो म्हणेल, पुन्हा बोला' हे भाकीत आहे. मिशेल क्रॅस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली भीतीवरच्या उपचारांबद्दल जे मांडलं त्याचा गाभा हाच आहे: अपेक्षा आणि घडलेलं यांतली तफावत जितकी ठसठशीत, तितकं मन जास्त शिकतं. त्यामुळे भीती कमी झाली नाही तरी तो दिवस वाया जात नाही. तफावत नोंदली गेली, काम झालं.

कधी भाकीत खरंही ठरेल. दुकानदार खरंच म्हणेल, "घ्यायचं नव्हतं तर उघडायला काऊन लावलं?" तो दिवस वहीसाठी सगळ्यात मोलाचा. मग एक ओळ आणखी लिहा: पुढे काय झालं? टोमणा किती सेकंद चालला, तुम्ही काय उत्तर दिलं, दहा मिनिटांनी तुम्ही कुठे होता. बहुतेक पानांवर उत्तर असतं की एका वाक्यात विषय संपला आणि पुढच्या दुकानात गेलो. अपमान होणारच नाही, ही हमी कुणीच देऊ शकत नाही. तो झाला तरी निभतं, हे मात्र शिकता येतं, आणि तेच पुढे उपयोगी पडतं.

कुबड्या

शिडी चढूनही महिनोन् महिने धीर येत नाही, असं होतं तेव्हा कारण जवळपास नेहमी एकच सापडतं. माणूस काम करतो, पण कुबडी घेऊन. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली हे सविस्तर दाखवलं: घाबरलेला माणूस स्वतःला सावरण्यासाठी लहान लहान बचाव करतो, आणि मग यशाचं श्रेय त्या बचावाला जातं.

या कुबड्या ओळखणं अवघड असतं, कारण त्या सवयीच्या झालेल्या असतात. हातात मोबाइल धरून त्याच्याकडे बघत बोलणं. मैत्रिणीला सोबत नेणं आणि ऐनवेळी तिलाच बोलायला लावणं. वाक्य मनात सात वेळा घोकून मग म्हणणं. घाईघाईत, खालच्या आवाजात, शेवटचा शब्द गिळून बोलणं. प्रत्येक वाक्याआधी 'सॉरी' लावणं. नागपुरातल्या मुलींची एक खास कुबडी म्हणजे स्कार्फ. उन्हाळ्यात गाडीवर तोंडाला स्कार्फ बांधायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. पण दुकानात शिरल्यावरही तो तसाच राहतो, कारण त्याच्याआड चेहरा कुणाला दिसत नाही. दारातच स्कार्फ सोडून आत जाणं ही स्वतंत्र पायरी समजा आणि तिला आकडा द्या. मुलांमध्ये हेच काम काळा गॉगल आणि कानातले इअरफोन करतात. दारूचे दोन घोट घेऊन समारंभात मोकळं होणं हीसुद्धा कुबडीच आहे, आणि ती बाकीच्यांपेक्षा कितीतरी महाग पडते.

सगळ्या एकदम टाकू नका. प्रत्येक पायरी दुसऱ्यांदा करताना एक कुबडी कमी करा आणि वहीत नोंदवा.

यांच्या जोडीला एक न दिसणारी कुबडीही असते: सतत स्वतःकडे लक्ष ठेवणं. आपला आवाज कसा येतोय, हात कुठे ठेवलेत, गाल लाल झालेत का. लक्ष आत वळलं की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, उत्तर चुकतं, आणि घबराट खरी ठरते. यावर उपाय म्हणजे लक्षाला बाहेर काम देणं. बोलणाऱ्याच्या शर्टाचा रंग, त्याच्या मागच्या फळीवर किती डबे आहेत, तो कोणता शब्द वारंवार वापरतो. घरी येऊन त्यातल्या तीन गोष्टी लिहा. हा सराव मेट्रोत बसूनही होतो: एका स्टेशनपासून दुसऱ्या स्टेशनपर्यंत फक्त बाहेरचं पाहायचं, मन आत वळलं की परत बाहेर आणायचं.

लोक आपल्याकडे किती बघतात याचा अंदाजही आपण चढाच लावतो. २००० साली गिलोविच, मेडवेक आणि सावित्स्की या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, खोलीतल्या जवळपास निम्म्या जणांच्या तो लक्षात आला असणार. प्रत्यक्षात साधारण पाव जणांच्याच लक्षात आला होता.

शरीर, आवाज आणि नागपूरचं ऊन

छातीत धडधड, कोरडं तोंड, कापणारे हात ही शरीराची तयारी असते. ती थांबवण्याच्या मागे लागलात की वाढते. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत, भाषणाआधी 'मी शांत आहे' असं म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह वाटतोय' म्हणणाऱ्यांचं भाषण सरस ठरलं. धडधड तीच, नाव दुसरं. श्वासाचा सराव उपयोगी आहे, पण तो आधी करायचा: चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं, निघण्यापूर्वी घरी. काउंटरसमोर उभं राहून श्वास मोजत बसलात तर तीही कुबडी होते.

आवाज कापतो तो बहुधा अपुऱ्या श्वासामुळे. तोंड उघडण्याआधी एक पूर्ण श्वास घ्या, पहिलं वाक्य आठ-दहा शब्दांचंच ठेवा आणि ते नेहमीपेक्षा हळू म्हणा. पहिलं वाक्य सावकाश गेलं की पुढची आपोआप त्या चालीने जातात. मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण ऐकताना एका वेळी एकच गोष्ट मोजा, जसं की वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू येतो की नाही. सगळंच एकदम तपासायला बसलात तर स्वतःचा आवाज ऐकून निराश व्हाल. रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज सगळ्यांनाच परका वाटतो.

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा पाणी कमी पडल्यानेही छाती धडधडते आणि चक्कर येते, आणि माणसाला वाटतं आपण घाबरलो. त्या दिवसांत सराव सकाळी दहाच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर करा, पाणी पिऊन निघा. मुलाखतीच्या दिवशी सकाळपासून चार कप चहा घेतला असेल तर हात कापणारच, त्याचा दोष मनाला देऊ नका.

कंबरेवर हात ठेवून दोन मिनिटं रुबाबात उभं राहिलं की संप्रेरकं बदलतात, हा दावा २०१० साली गाजला होता. पुढे मोठ्या चाचणीत तो परिणाम आढळला नाही आणि मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिकेनेच २०१६ साली त्यावर आपला विश्वास नसल्याचं जाहीर केलं. ताठ बसा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. आरशासमोर 'मी उत्तम आहे' म्हणण्याचंही तसंच. जोअॅन वुड यांच्या २००९ सालच्या अभ्यासात, ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं त्यांना अशी वाक्यं म्हणून आणखी वाईट वाटलं, कारण मन लगेच उलट साक्ष काढतं. त्याऐवजी वहीतलं वाक्य वाचा: 'गेल्या शनिवारी मी काही न घेता दुकानातून बाहेर आले.' याला मन नाही म्हणू शकत नाही.

बोली आणि इंग्रजी

नागपुरात या विषयाला एक जास्तीचा पदर आहे. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, मिहानमधल्या किंवा आयटी पार्कमधल्या ऑफिसात इंग्रजी. पुण्या-मुंबईच्या माणसासमोर 'करून राहिलो' किंवा 'काऊन' तोंडातून निघेल म्हणून गप्प बसणारी हुशार पोरं कमी नाहीत. माझं मत ठाम आहे: बोली लपवायची नाही. लपवण्यात जे लक्ष खर्च होतं ते मुद्द्यातून वजा होतं, आणि बोलणं तुटक होतं. मुलाखतीत लिहितो तशी साधी वाक्यं बोला, मधूनच एखादा वऱ्हाडी-नागपुरी शब्द आला तर येऊ द्या, दुरुस्त करायला मागे फिरू नका.

इंग्रजीसाठी व्याकरणाचं पुस्तक संपवण्याची वाट बघू नका. कामाच्या ठिकाणी माणूस अडतो तो पाच-सहा जागांवर: ओळख करून देताना, समजलं नाही हे सांगताना, वेळ मागताना, असहमती दाखवताना, माहीत नाही हे कबूल करताना आणि बोलणं आवरतं घेताना. प्रत्येक जागेसाठी एकेक वाक्य पक्कं करा. 'कुड यू प्लीज रिपीट द लास्ट पार्ट?' 'आय विल चेक अँड टेल यू बाय फोर.' 'आय सी इट डिफरंटली.' मोठ्याने, उभं राहून, रोज दहा वेळा, दोन आठवडे. माहीत नसलेलं मान्य करण्याचं वाक्य सगळ्यात आधी पाठ करा, कारण पंचाईत तिथेच होते: उत्तर येत नाही म्हणून माणूस काहीतरी लांबण लावतो आणि गुंततो.

नाही म्हणणं

घरच्या आणि जवळच्या माणसांना नाही म्हणणं बँकेच्या काउंटरपेक्षा अवघड असतं, कारण तिथे नातं पणाला लागल्यासारखं वाटतं. इथली नेहमीची चूक म्हणजे कारणं देत सुटणं. "काकू, रविवारी नाही जमणार, पोरीची परीक्षा आहे, शिवाय गाडी पण सर्व्हिसिंगला आहे, आणि हेही घरी नाहीत" असं म्हटलं की काकू तिन्ही कारणांवर उपाय काढतात. "काकू, या रविवारी मला जमणार नाही. पुढच्या शनिवारी येते" एवढंच पुरे. पुन्हा आग्रह झाला तर तेच वाक्य, त्याच आवाजात, शब्द न वाढवता. तिसऱ्यांदा बहुतेक विषय बदलतो.

साहेबांना थेट नाही म्हणायचं नसतं, निवड त्यांच्याकडे सोपवायची असते. "सर, हे आज देतो, पण मग जीएसटीचं काम उद्यावर जाईल. कोणतं आधी करू?" यात उर्मटपणा नाही, आणि दोन्ही कामं रात्री अकरापर्यंत बसून करण्याची वेळही येत नाही.

कुठे बिनसतं

चार-सहा आठवड्यांत हमखास एक दिवस वाईट जातो. बोलता बोलता विसरायला होतं, कुणीतरी हसतं. त्या रात्री अंथरुणात त्याची उजळणी सुरू होते आणि प्रत्येक फेरीत प्रसंग आणखी वाईट होत जातो. त्या उजळणीला वहीत पाच मिनिटं द्या आणि वही मिटा. दुसऱ्या दिवशी, जास्तीत जास्त दोन दिवसांत, एक पायरी खाली उतरून तेच काम करा. आठवडाभर थांबलात तर शेवटची आठवण अपयशाची राहते. दिवाळीच्या सुट्टीनंतर किंवा आजारपणानंतरही आकडे वर गेलेले दिसतील. ते नेहमीचंच आहे, दोन-तीन दिवसांत खाली येतात.

काही जण यशाचं खापरही दुसऱ्यावर फोडतात: दुकानदार चांगला होता, गर्दी नव्हती, नशीब. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दुकानात, गर्दीच्या वेळी, पुन्हा जा.

आणि कधी कधी भीती बरोबर असते. एक्सेल येत नसताना एक्सेलच्या कामाची धास्ती वाटते, ही आत्मविश्वासाची उणीव नाही, कौशल्याची आहे. स्कूटी नीट वळवता येत नसताना संध्याकाळी व्हरायटी चौकात शिरणं हा धीर नाही, धोका आहे. आधी रिकाम्या मैदानावर आठचा आकडा काढायला शिका, मग सकाळी सहाचा रस्ता, मग गर्दी. स्वतःला विचारा: समोर कुणीच बघत नसतं तर मला हे जमलं असतं का? उत्तर 'नाही' असेल तर शिडीआधी शिकवणी लावा.

आणखी एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. जात, रंग, लिंग किंवा गरिबीवरून खरोखर हिणवलं जात असेल तर तिथे 'तुझा आत्मविश्वास वाढव' असा सल्ला देणं अन्याय आहे. तिथे सोबत, तक्रार आणि हक्क लागतात. बांडुरांची दुसरी वाट, आपल्यासारख्यांना उभं राहताना पाहणं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण याच शहरात आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. तिथे एकेकट्याने धीर गोळा करायचा नव्हता, तो एकमेकांकडे बघून आला. रोजच्या आयुष्यातही आदर्श फार दूरचा नको. मोठा वक्ता पाहून आपण आणखी लहान वाटतो. आपल्यापेक्षा दोन पायऱ्या पुढे असलेली, अजूनही अडखळणारी सहकारी जास्त शिकवते. तिला विचारा, पहिल्या वेळी काय केलं होतंस?

भीतीपायी कॉलेज, नोकरी किंवा घराबाहेर पडणं सुटलं असेल, हे सहा महिने किंवा जास्त चाललं असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर वही पुरणार नाही. मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर आजच फोन करा, घरातल्या एका माणसाला सांगा.

मुलांचं काय

पालकांना यात सगळ्यात जास्त करता येण्यासारखं आहे, आणि त्यातलं बरंचसं म्हणजे स्वतःला आवरणं. म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत, 'तू हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेली पाचवीच्या वयाची मुलं अपयश आल्यावर लवकर हातपाय गाळून बसली. 'तू मेहनत घेतलीस' असं ऐकलेली मुलं टिकून राहिली. म्हणून शाबासकी नेमकी द्या: "दुकानदाराला दोनदा विचारलंस, ते बरं केलंस."

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा लिटर दूध आणू द्या, पैसे मोजून परत आणू द्या, हिशेबात दोन रुपये चुकले तर त्यालाच परत जाऊन विचारू द्या. हॉटेलमध्ये त्याचा डोसा त्यालाच मागू द्या. पाहुण्यांसमोर कविता म्हणायची सक्ती करू नका. ती ८० ची पायरी असते आणि तीही न विचारता लादलेली. डॉक्टरांकडे मात्र नेहमी संधी असते. डॉक्टर मुलाकडे बघून विचारतात, "काय होतंय बाळा?" आणि आई लगेच उत्तर देते, "दोन दिवसांपासून पोट दुखतंय त्याचं." इथे मनात पाचपर्यंत मोजा. मूल तुमच्याकडे बघेल, तेव्हा डॉक्टरांकडे बोट दाखवा. ते जे सांगेल ते पूर्ण झाल्यावर, तारखा आणि औषधांची नावं तेवढी तुम्ही जोडा.